‘हे खरे आहे काय?’ एका छापील यादीचं वाचन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर कादंबरी येते, नाटक येतं, फार तर सिनेमा. आज आम्ही ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत त्याला लेखक शेकडो आहेत आणि वाचक जवळजवळ नाहीत. अधिवेशन सुरू झालं की विधानभवनात एक छापील यादी निघते. तारांकित प्रश्नोत्तरांची यादी. आमदार विचारतात, मंत्री उत्तर देतात, आणि दोन्ही कागदावर येतं. आमच्या गटात आम्ही सहा-सात जण आहोत. कोणी शिक्षक, कोणी बँकेतून निवृत्त झालेले, एक वकील. आम्ही दर पंधरवड्याला बसून या याद्या मोठ्याने वाचतो. हो, मोठ्याने, नाटकाचं वाचन करतात तसं. एक जण आमदार, एक जण मंत्री. पहिल्या बैठकीत हसून हसून पुरेवाट झाली. तिसऱ्या बैठकीला हसू थांबलं. का थांबलं, ते सांगण्यासाठी आजचं हे बोलणं आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगून पुढे जातो. प्रश्नाच्या आकड्याशेजारी चांदणी असली तर तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात उभं राहून द्यायचं. चांदणी नसली तर अतारांकित, म्हणजे उत्तर लेखी येणार, विषय मिटला. चांदणीची खरी किंमत तोंडी उत्तरात नाही. उत्तर तर आधीच छापलेलं असतं. ती किंमत आहे त्यानंतरच्या पूरक प्रश्नात. उत्तर ऐकल्यावर आमदाराने उठून म्हणायचं, ‘अध्यक्ष महोदय, मंत्री म्हणाले ते ठीक, पण मग असं असेल तर तसं का?’ हा ‘पण मग’ छापलेला नसतो. त्याची मंत्र्याला तयारी करावी लागते, नाहीतर सचिवांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या याव्या लागतात. त्या दोन मिनिटांसाठी हा सगळा खटाटोप आहे, असं आमचं मत झालंय. बाकी सगळी सजावट.

आता मजकूर पाहू. नमुना आम्हीच रचलाय, कुणा आमदाराचा नाही, पण यादी वाचणारा म्हणेल की हा तर कालच वाचला.

‘(१) अमुक तालुक्यातील तमुक येथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारतीसाठी दोन कोटी रुपयांचा निधी मंजूर होऊनही मागील पाच वर्षांपासून काम अपूर्ण असल्याचे माहे जानेवारीच्या दुसऱ्या सप्ताहात निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (३) असल्यास, त्यानुसार संबंधितांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तर: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

संपलं. आता हे नीट बघा हं. प्रश्नाच्या पहिल्या भागात किती विधानं एकत्र बांधलीत? निधी मंजूर झाला, हे एक. तो दोन कोटी होता, हे दुसरं. काम पाच वर्षं रखडलं, तिसरं. जानेवारीत निदर्शनास आलं, आणि तेही दुसऱ्या आठवड्यात, चौथं-पाचवं. या सगळ्या मोळीला शेवटी एकच दोरी: ‘हे खरे आहे काय?’ समजा निधी होता एक कोटी नव्वद लाख. काम रखडलं चार वर्षं दहा महिने. मग मोळी खोटी. मंत्री शांतपणे म्हणू शकतो, ‘हे खरे नाही’. आणि तो खोटं बोलत नाही! गावात इमारत अर्धवट उभी आहे, पिलरवर गवत उगवलंय, बाळंतीण तीस किलोमीटरवर जातेय, आणि कागदावर प्रश्नच उद्भवलेला नाही.

आमच्या वकील मित्राला हे पहिल्यांदा दिसलं. तो म्हणाला, ‘कोर्टात साक्षीदाराला असा प्रश्न विचारला असता तर जज्जांनी मला खाली बसवलं असतं.’ उलटतपासणीत एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायची असते, हे शिकाऊ वकिलालाही कळतं. आपल्या यादीत मात्र एका प्रश्नाच्या पोटात पाच-पाच.

आणि उत्तराचं व्याकरण? मराठीतला कर्मणी प्रयोग शिकवायचा असेल तर शाळांनी हीच यादी लावावी. ‘कार्यवाही करण्यात येत आहे.’ ‘सूचना देण्यात आल्या आहेत.’ ‘अनियमितता आढळून आली.’ कोणाला आढळली? सूचना कोणी दिल्या, कोणाला दिल्या, तारीख काय? संपूर्ण यादीत माणूस सापडत नाही. काम होतं, राहतं, रखडतं, पण ते कोणी करत नाही आणि कोणी रखडवतही नाही. पावसासारखं आहे. ‘पडतो’ म्हणायचं, कोण पाडतो ते विचारायचं नाही.

‘हे अंशत: खरे आहे’ हे आमचं सगळ्यात आवडतं उत्तर. त्यात निदान दार किलकिलं असतं. कुठला अंश खरा, असा एक पूरक प्रश्न उठला की मंत्र्याला बोलावंच लागतं. दुर्दैव असं की तिथवर यादी बहुधा पोचत नाही. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादीत असतात आणि तासाभरात त्यातले थोडेच तोंडी उत्तरापर्यंत जातात. राहिलेल्यांची उत्तरं लेखी समजायची. म्हणजे चांदणी असून नसल्यासारखी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या पूरक प्रश्नाचं? म्हणून थोडं मागे जाऊ. ही सोय आपल्याला कोणी ताटात वाढून दिलेली नाही. १८९२च्या कायद्याने इंग्रजांनी कौन्सिलातल्या सभासदांना पहिल्यांदा प्रश्न विचारू दिला, अंदाजपत्रकावर बोलू दिलं. मत देऊ दिलं नाही आणि पूरक प्रश्नही विचारू दिला नाही. १८९३ साली वरिष्ठ कौन्सिलात पहिला प्रश्न आला तो भिंगाच्या राजांचा. विषय कुठला? दौऱ्यावरच्या सरकारी साहेबांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांना होणारा जाच. आम्हाला हे फार बोलकं वाटतं. एवढ्या मोठ्या साम्राज्यात पहिला प्रश्न गेला तो वाण्याच्या पिठामिठाबद्दल. १९०९च्या सुधारणांनी पूरक प्रश्न आला, पण मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. सगळ्या सभासदांना तो मिळायला १९१९चा कायदा यावा लागला. सत्तावीस वर्षं! राज्यकर्त्यांनी प्रश्न आधी दिला आणि पूरक प्रश्न इतका काळ हातात दाबून ठेवला. कुठलं हत्यार धारदार आहे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काम केलं ते या अपुऱ्या हत्यारांनी. २६ मार्च १९०२चं त्यांचं अंदाजपत्रकावरचं भाषण प्रसिद्ध आहे. सरकार शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांचा मुद्दा असा की दुष्काळ-प्लेगने पिचलेल्या देशात तिजोरीत शिल्लक उरते, ती भरभराटीची खूण नव्हे, कर जास्त घेतल्याची खूण आहे. सरकारच्याच आकड्यांनी सरकारला उलटं उत्तर. त्या आकड्यांच्या मागे गणेश व्यंकटेश जोशी होते. एक शाळामास्तर, ज्यांनी सरकारी अहवाल कोळून प्यायले होते. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. सगळं श्रेय एकट्या गोखल्यांना आम्ही देणार नाही. पण मताचा अधिकार नसलेला माणूस निव्वळ तयारीच्या जोरावर कुठवर जाऊ शकतो, ते यातून दिसतं. आज आमदाराला मत आहे, पूरक प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, आश्वासन समिती आहे. नसतो तो गणेश व्यंकटेश जोशी. अधिवेशन तोंडावर आलं की प्रश्न कुठून येतात? वर्तमानपत्राचं कात्रण, ठेकेदाराचं भांडण, कधी प्रतिस्पर्ध्याचा राग. कात्रणातला आकडा चुकला की मोळी खोटी.

स्वातंत्र्यानंतर हे हत्यार नीट चाललं त्याचं उदाहरण म्हणजे मुंदडा प्रकरण. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ साली झालं. लगेच पुढच्या वर्षी, १९५७च्या जूनमध्ये, महामंडळाने हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. आज सव्वा कोटी ऐकून हसू येईल. पण ते पैसे कोणाचे होते? विमा उतरवणाऱ्या कारकून-मास्तरांचे. संसदेत प्रश्न सुरू झाले. उत्तरं आखडती येत होती. प्रश्नोत्तरांतून निघालेला हा विषय १६ डिसेंबर १९५७ला लोकसभेत चर्चेला आला आणि फिरोज गांधी बोलले. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार, पंतप्रधानांचे जावई. बाकावरून उठून त्यांनी आरडाओरडा केला नाही. तारखा मांडल्या, भाव मांडले, गुंतवणूक समितीला आधी विचारलं होतं का, ते विचारलं. ‘हे खरे आहे काय’ असं नाही. कधी, किती, कोणाच्या सांगण्यावरून. मग छगला आयोग बसला. न्यायमूर्ती छगला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. चौकशी मुंबईत, उघड्या दारांनी झाली. १९५८च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. सचिवाने केलं, मला माहीत नव्हतं, ही ढाल आयोगाने मंत्र्याला वापरू दिली नाही. कर्मणी प्रयोगाला कर्ता मिळाला म्हणा ना.

(श्रोत्यांतून: ‘ते दिवस गेले.’)

गेले असतील. पण जुन्या काळाची आरती करायला आम्ही आलेलो नाही. त्याच काळात, १९५१ साली, मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन संसदेत तिची कामं केल्याचं, प्रश्नसुद्धा विचारल्याचं प्रकरण झालं होतं. हु. गु. मुद्गल नावाच्या सदस्यावर ठपका आला आणि हकालपट्टी व्हायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. २००५च्या डिसेंबरमध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांना काढलं, वेगवेगळ्या पक्षांचे होते ते. प्रश्न विकता येतो, कारण त्याला किंमत असते. उत्तर द्यायला लावणारी ती एकच जागा आहे, हे विकत घेणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

बरं, आता जिथे आमचं हसू थांबलं तिथे येतो.

२०२०चा सप्टेंबर आठवा. कोरोनामुळे संसदेचं पावसाळी अधिवेशन आखडतं घेतलं आणि प्रश्नोत्तरांचा तासच रद्द केला. लेखी उत्तरं चालू ठेवली. अनेकांना तेव्हा वाटलं, काय बिघडलं, उत्तरं तर मिळतायत. १४ सप्टेंबरला पहिल्याच दिवशी श्रम मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं. टाळेबंदीत गावी परतताना किती मजूर मेले, असा प्रश्न होता. उत्तर: अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का? वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. त्याच सुमारास सरकारने परतलेल्या मजुरांचा राज्यवार आकडा दिला होता, एक कोटी चार लाखांच्या वर. परतलेले मोजले होते. मेलेले मोजले नव्हते. सभागृहात तास चालू असता तर कोणीतरी उठून एवढंच विचारलं असतं: ‘ज्यांनी पोचलेले मोजले त्यांनी न पोचलेले का मोजले नाहीत?’ लेखी उत्तराला हे विचारता येत नाही. कागद गप्प बसतो.

गंमत पुढे आहे. गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. चारच दिवसांनी राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाने एका प्रश्नाच्या उत्तरात आकडा दिला. श्रमिक विशेष गाड्यांत ९ सप्टेंबरपर्यंत ९७ माणसं मरण पावली. त्यातल्या ८७ जणांचे मृतदेह शवविच्छेदनाला पाठवले, ५१ अहवाल आले. सरकार तेच, आठवडा तोच. एका मंत्रालयाकडे काहीच नाही, दुसऱ्याकडे शवविच्छेदनाच्या अहवालांपर्यंत हिशेब. फरक कशात पडला? प्रश्नात. एकाने विचारलं ‘किती मजूर मेले’. दुसऱ्याने विचारलं ते अमुक गाड्यांपुरतं, जिथे कोणाच्या तरी रजिस्टरला नोंद असणारच. आम्ही ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचली तेव्हा कळलं की अरुंद प्रश्नालाच खोली असते.

पण त्या ९७ मध्ये आपल्याच मराठवाड्यातले सोळा मृत्यू नाहीत. ८ मे २०२०, पहाट. जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे मजूर तेव्हाच्या औरंगाबादजवळ, करमाडच्या परिसरात रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली गेले. ते गाडीत नव्हते, गाडीखाली होते, म्हणून ते त्या प्रश्नात बसत नाहीत. पहिल्या उत्तरात ते बसायला हवे होते, आणि पहिल्या उत्तरात कोणीच नाही. त्या दिवशी आमच्या बैठकीत मंत्र्याचं काम करणाऱ्या मित्राने ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य वाचलं आणि पुढचं पान उलटलंच नाही. चहा पण कोणी घेतला नाही.

महाराष्ट्राच्या यादीतही अशी एक जागा आहे. जून २०१९. विधानसभेतलं लेखी उत्तर: २०१५ ते २०१८ या चार वर्षांत १२,०२१ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी ६,८८८ प्रकरणं मदतीसाठी पात्र. ‘पात्र.’ हा शब्द आम्ही कितीतरी वेळ नुसता बघत होतो. नोकरीला माणूस पात्र असतो, शिष्यवृत्तीला असतो. मरणाला? हो, पद्धत अशी आहे की जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, बँकेचं वा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं, त्याचा तगादा हवा. जिल्हा समिती तपासते आणि मग एक लाख रुपये. म्हणजे ज्याने दारावरच्या बिगरपरवाना सावकाराकडून घेतलं तो नापास. जी बाई आयुष्यभर शेतात राबली पण सातबारावर जिचं नाव नाही ती शेतकरीच नाही. कुळाने किंवा बटईने कसणारा? त्याचाही सातबारा दुसऱ्याचा. उरलेली पाच हजारांहून अधिक प्रकरणं म्हणजे काही अपात्र ठरलेली, काही चौकशीत अडकलेली. उत्तर दिलंय, आकडे दिलेत, लपवलेलं काही नाही. मंत्र्यांवर बोट ठेवता येत नाही. आणि तरी या उत्तरापुढे पूरक प्रश्न नसला तर ते उत्तर नव्हे, निकालपत्र आहे. पूरक प्रश्न सरळ होते. अपात्र किती, निकष कोणता लागला नाही म्हणून, जिल्हावार सांगा. त्यांतल्या स्त्रिया किती? बिगरपरवाना सावकाराचं कर्ज म्हणून किती नाकारली? या प्रश्नांतून निकष बदलण्याची मागणी आपोआप निघाली असती. ‘आत्महत्या वाढल्या हे खरे आहे काय’ यातून ती निघत नाही.

एकाच पक्षाचं सरकार धरून बोलतोय असं वाटू नये म्हणून सिंचनाचं सांगतो. २०११-१२च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दिसलं की दशकभरात सिंचित क्षेत्राची टक्केवारी १७.८ वरून १७.९ झाली. हजारो कोटी खर्चून ०.१ टक्का. तो आकडा गाजला, श्वेतपत्रिका निघाली, सरकार हादरलं. पुढे काय झालं? त्यानंतरच्या पाहण्यांत त्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ छापून यायला लागलं. सरकारं बदलली, रकाना तसाच. ज्या आकड्याने प्रश्न उद्भवतो तो आकडाच ठेवायचा नाही, ही युक्ती कुठल्याही एका पक्षाच्या मालकीची नाही.

पैशाबद्दल थोडंच बोलतो, कारण त्यात बोलण्याजोगं सभागृहातच थोडं होतं. २०२४च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्र सरकारने सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. पुरवणी! मार्चमध्ये घरखर्चाचा अंदाज केला आणि आषाढात म्हणालो, अहो, एवढे आणखी लागतील. लोकसभेत २३ मार्च २०२३ला सुमारे ४५ लाख कोटींच्या अंदाजपत्रकाच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. गिलोटिन म्हणतात त्याला. फ्रान्समध्ये त्या यंत्राने माणसाचं डोकं उडायचं, इथे चर्चेचं उडतं. त्या दिवशी विरोधक एका चौकशीसाठी घोषणा देत होते, सत्ताधारी एका माफीसाठी. दोन्ही बाजू जोरात आणि ४५ लाख कोटी मधून गेले.

(श्रोत्यांतून: ‘पण गोंधळ घातल्याशिवाय ऐकतं कोण? बोलूच देत नाहीत.’)

हा आक्षेप खरा आहे. पूर्ण खरा, अंशत: नव्हे. (हशा) बोलू न देणं, माईक, अध्यक्षांचा कल, सगळं आम्हाला मान्य. स्थगन प्रस्ताव फेटाळले जातात, लक्षवेधी मागे पडतात, मग माणूस वेलमध्ये उतरतो. पण एक हिशेब करा. पहिला तास गोंधळात वाहून गेला तर तोटा कोणाचा? मंत्र्याचं उत्तर तर टेबलावर ठेवलंच जाणार, छापील, ‘प्रश्न उद्भवत नाही’ वालं. गेला तो फक्त पूरक प्रश्न. म्हणजे विरोधकांनी स्वतःच्या हाताने तारांकिताचा अतारांकित केला. इंग्रजांनी सत्तावीस वर्षं जे दिलं नाही ते आपण एका सकाळी टाकून देतो. मंत्र्याने मनातल्या मनात आभारच मानले असतील.

आणि या टीकेतून आम्ही स्वतःला वगळत नाही. आमच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या अधिवेशनात फिरलेल्या क्लिपा आम्ही मोजल्या. बहुतेक सगळ्या शेरेबाजीच्या, कवितांच्या, पायऱ्यांवरच्या आंदोलनांच्या. शांतपणे तीन पूरक प्रश्न विचारून मंत्र्याला आश्वासन द्यायला लावणाऱ्या आमदाराची एकही नाही. असे आमदार आहेत, दोन्ही बाजूंना. त्यांची नावं मतदारसंघाबाहेर कळत नाहीत, कारण त्यांचं काम फॉरवर्ड करण्यासारखं दिसत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून गेले. त्यांच्या कितीशा क्लिपा तुम्ही पाहिल्यात?

आश्वासनावरून आठवलं. लोकसभेत १९५३पासून सरकारी आश्वासनांची समिती आहे. मंत्री सभागृहात ‘विचाराधीन आहे’, ‘मी पाहतो’, ‘माहिती मिळवून पटलावर ठेवू’ असं म्हणाला की ते आश्वासन धरायचं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं. कोणती वाक्यं आश्वासन समजायची याची चक्क यादी आहे. आम्हाला ही कल्पना फार आवडते. नुसत्या बोलण्याला हप्ता बांधून देणारी दुसरी जागा कुठे आहे? आपल्याकडेही आश्वासन समिती आहे. पण आश्वासन यायला आधी मंत्री सापडला पाहिजे, आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ या वाक्यात आश्वासन नसतं. म्हणून तर ते इतकं लाडकं आहे.

शेवटी, मघाचा तो आरोग्य केंद्राचा नमुना. आमच्या गटातल्या निवृत्त बँकवाल्या बाईंनी, ज्यांनी तीस वर्षं कर्जाच्या फाइली तपासल्या, एका बैठकीत तो कागद ओढून घेतला आणि पुन्हा लिहिला. ‘हे खरे आहे काय’ काढून टाकलं. तो असा झाला:

‘(१) तमुक येथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारतीस प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेला व किती रकमेची देण्यात आली; (२) आजपर्यंत ठेकेदारास किती रक्कम, कोणकोणत्या तारखांना अदा केली; (३) देयकांवर स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम काय; (४) मूळ करारानुसार काम पूर्ण होण्याची तारीख कोणती होती व मुदतवाढ किती वेळा, कोणाच्या आदेशाने दिली; (५) मागील बारा महिन्यांत सदर केंद्राच्या क्षेत्रातील किती गरोदर स्त्रियांना प्रसूतीसाठी अन्यत्र पाठवावे लागले?’

आम्ही तो मोठ्याने वाचला. मंत्र्याचं काम करणाऱ्या मित्राने कागद हातात घेतला, चष्मा वर केला, आणि म्हणाला, ‘याला मला सचिवांना विचारावं लागेल.’

आता तुमचे प्रश्न घेऊ. पूरक विचारायला हरकत नाही.